'बघतो' म्हणजे नाही, हे जर्मन साहेबाला कोण सांगणार?

मागच्या पावसाळ्यात आमच्या कंपनीने आम्हा सगळ्यांना दोन दिवसांच्या क्रॉस-कल्चरल ट्रेनिंगला, म्हणजे जर्मन साहेबांबरोबर काम कसं करायचं याच्या शिकवणीला, बसवलं. चाकणजवळचं हॉटेल, एसी इतका की लोक जर्किन घालून बसलेले, दुपारी बुफे, गुलाबजाम हवे तितके. ट्रेनर मॅडम चांगल्या होत्या, बोलायच्या पण छान, त्यांच्यावर राग नाही. पहिल्याच स्लाइडवर हिमनग. या ट्रेनिंगात हिमनग असतोच, गणपतीपुढे मोदक असतो तसा. वर दिसतं ते कपडे, जेवण, भाषा, आणि पाण्याखाली मूल्यं वगैरे. दुसऱ्या स्लाइडवर दोन आकडे: भारत ७७, जर्मनी ३५. हा म्हणे पॉवर डिस्टन्स, म्हणजे साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातलं अंतर लोक किती मुकाट मान्य करतात त्याचं माप. आणि त्यावरून निष्कर्ष असा की भारतीय माणूस साहेबाला 'नाही' म्हणू शकत नाही, ते आपल्या कल्चरमध्येच नाही, तेव्हा जर्मन मंडळींनी हे समजून घ्यावं आणि आपण जरा असर्टिव्ह व्हायला शिकावं.

टाळ्या झाल्या, सर्टिफिकेट मिळालं, ग्रुप फोटो झाला.

मला ते पटलं नाही आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय. माझं म्हणणं असं आहे की ऑफिसात आणि कारखान्यात आपण ज्याला देशाचं कल्चर म्हणतो त्यातला बराचसा भाग कल्चर नसतोच, हिशोब असतो. 'नाही' म्हटलं तर माझं काय जाईल याचा हिशोब. हा हिशोब पुण्यात एक येतो आणि स्टुटगार्टला वेगळा येतो कारण तिथले कायदे वेगळे, नोकरीची हमी वेगळी, घरचे हप्ते वेगळे. माणूस तोच असतो.

आधी समोरच्याच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. बोलायच्या पद्धतीत फरक असतोच आणि त्याने घोळही होतात. माझाच एक सांगतो. कॉलवर जर्मनीहून विचारलं, शुक्रवारपर्यंत सॅम्पल निघतील का. आमचे जॉब, म्हणजे पार्ट, भोसरीला प्लेटिंगवाल्याकडे अडकलेले, त्याच्याकडे दोन दिवस लाइट नव्हती, मला पक्कं माहीत होतं की सोमवारच्या आत काही हातात येत नाही. मी इंग्लिशमध्ये म्हणालो, वी विल ट्राय, शुड बी पॉसिबल. डोक्यात मराठी चालू होतं, 'बघतो, होऊन जाईल'. आता आपल्यात 'बघतो' म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. मुलगी बघून आलेले लोक 'पत्रिका बघून कळवतो' म्हणाले की मुलीची आई त्याच संध्याकाळी दुसऱ्या स्थळाला फोन लावते. जपानी लोकांचंही असंच आहे, ते 'केन्तो शिमास' म्हणतात, म्हणजे विचार करतो, किंवा नुसतं 'मुझुकाशी', अवघड आहे, आणि विषय तिथे संपलेला असतो. म्हणजे जपानी साहेबाला माझा 'बघतो' बहुतेक कळला असता. जर्मनला नाही कळला. त्याने शुक्रवार धरून पुढचं सगळं लावलं, त्यांच्याकडे टेस्ट बेंच बुक केला, आणि सोमवारी मला मेल आली ज्यात सीसीमध्ये सहा जण.

तो चिडला होता पण उशिरावर नाही. त्याचा प्रश्न एकच होता, उशीर होणार हे तुला बुधवारी माहीत होतं ना, मग बुधवारी का नाही सांगितलंस?

उत्तर माझ्याकडे होतं, फक्त सीसीमध्ये लिहिण्यासारखं नव्हतं. बुधवारी त्याला सांगायचं म्हणजे आधी माझ्या इथल्या साहेबाला सांगायचं, आणि साहेबाचं ठरलेलं वाक्य आहे, 'प्रॉब्लेम घेऊन येऊ नकोस, सोल्युशन घेऊन ये'. फेब्रुवारी होता, मार्चमध्ये अप्रेझल. बुधवारी सांगितलं तर मी प्रॉब्लेमवाला, सोमवारी कळलं तर प्लेटिंगवाला प्रॉब्लेमवाला. मग कोण सांगेल हो बुधवारी? तर 'बघतो' हा शब्द आपल्या भाषेचा, आपल्या संस्कृतीचा, मान्य. पण बुधवार ते सोमवार मी जो गप्प बसलो तो अप्रेझलमुळे बसलो.

आणि उलट बोलणं आपल्या संस्कृतीत नाही असं ज्याला वाटतं त्याने पुण्यातल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, एकदा बघावी. ऑफिसात व्हाइस प्रेसिडेंटसमोर ज्याचा आवाज फुटत नाही तोच माणूस व्हिजिटर पार्किंगवरून रिटायर्ड कर्नलसाहेबांशी दीड तास भांडतो, बायलॉजच्या कलमासकट. ज्या शहरात दुकानदार 'दुपारी १ ते ४ बंद, बेल वाजवू नये, उत्तर मिळणार नाही' अशी पाटी लावतो त्या शहरातल्या लोकांना नाही म्हणता येत नाही, हे आम्हाला पॉवरपॉइंटवर सांगितलं जातं आणि आम्ही ते पुण्यातच बसून ऐकून घेतो! दुकानदार नाही म्हणतो कारण दुकान त्याचं आहे. एजीएममध्ये फ्लॅट आपल्या नावावर असतो, कर्नलसाहेब आपलं रेटिंग लावू शकत नाहीत.

आता ते ७७ आणि ३५ कुठून आले तेही बघू. गेर्ट हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकाने साधारण १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या नोकरदारांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून ते काढले, लाखाच्या वर फॉर्म होते, काम प्रचंड मोठं आणि त्या काळात नवीनच. त्यात ऑस्ट्रिया ११ वर आहे आणि मलेशिया १०४ वर. माझी तक्रार हॉफस्टेडबद्दल कमी आणि ते आकडे आजही आधार कार्डाच्या नंबरसारखे वापरणाऱ्यांबद्दल जास्त आहे. एकाच कंपनीतले लोक, त्यातही पांढरपेशे जास्त, पन्नासेक वर्षांपूर्वीचे. आयबीएम तर १९७८ मध्ये भारतातून निघूनही गेली होती, परकीय चलनाच्या कायद्यावरून जनता सरकारशी वाजलं होतं तेव्हा. तेव्हाच्या भारतात फोनचं कनेक्शन मिळायला वर्षानुवर्षं लागायची, एक नोकरी गेली तर दुसरी कुठे होती? अशा माणसाला विचारलं की तू साहेबाशी मतभेद बोलून दाखवायला घाबरतोस का, तर तो काय सांगणार. म्हणजे जो आकडा देशाचा स्वभाव म्हणून दाखवतात त्यात त्या वेळचा नोकरीचा बाजारही मुरलेला आहे, आणि दोन्ही वेगळे काढायची सोय त्या स्लाइडवर नसते.

मी अडीच वर्षं स्टुटगार्टजवळच्या एका गावात होतो, कंपनीनेच पाठवलं होतं. पहिले सहा महिने मीही तिथे ट्रेनिंगवाल्या मॅडमसारखाच विचार करायचो, की वा, काय यांचं कल्चर, पोरगासुद्धा डायरेक्टरला तोंडावर सांगतो की हे चुकतंय. मग हळूहळू मागची यंत्रणा दिसायला लागली. तिथे पाच माणसं कामाला असली तरी कामगार आपली बेत्रीब्सराट निवडू शकतात, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. ओव्हरटाइम लावायचा तर साहेबाला त्या मंडळाची संमती लागते. दोन शिफ्टच्या मध्ये अकरा तास विश्रांती द्यायची हा कायदा. दहापेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत सहा महिने भरले की काढायला कायद्याला पटेल असं कारण दाखवावं लागतं. आणि दोन हजारांच्या वर माणसं असतील तर कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्डात निम्म्या जागा कामगारांच्या, हे १९७६ पासून. एवढं पाठीशी असल्यावर आमच्या हिंजवडीतला पोरगाही डायरेक्टरला तोंडावर सांगेल.

सांगतोच. माझ्याबरोबर साताऱ्याकडचा एकजण होता, सुरुवातीला मीटिंगमध्ये मान हलवण्यापलीकडे काही नाही. जर्मन शिकला, ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांच्या नोकरीच्या परवान्यावर, एकवीस महिने आणि जर्मन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा झाली की तिथे कायम राहायचा परवाना मागता येतो, तो त्याला मिळाला. त्यानंतरचा त्याचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. मीटिंगमध्ये 'नाइन', म्हणजे जर्मनमधलं 'नाही', म्हणायचा आणि वर कॉफी पीत बसायचा. घरी तेच वरणभात, तीच आईला रोजची व्हिडिओ कॉल, तेच 'हो आई'. अमेरिकेतही हेच आहे. न्यू जर्सीतले आपले लोक विचारा. एच-वनवर असताना नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर गाशा गुंडाळायचा, पोरांच्या शाळेसकट. त्या काळात मॅनेजरला प्रत्येक गोष्टीला 'शुअर'. ग्रीन कार्ड हातात पडलं की सहा महिन्यांत तोच माणूस म्हणायला लागतो, 'दॅट्स नॉट माय प्रायॉरिटी'. हजारो वर्षांची संस्कृती एका प्लॅस्टिकच्या कार्डाने बदलत असेल तर ती संस्कृती होती का हो नक्की?

जर्मनांचं बोलायचं तर शंभरेक वर्षांपूर्वी युरोपात त्यांची ख्याती नेमकी उलटी होती. हुकूम आला की टाच आपटणारे लोक, कशाला साहेबाला उलट विचारतायत. कामगार मंडळाचा कायदा तिथे १९२० मध्ये आला, नाझींनी १९३४ मध्ये मोडीत काढला आणि कारखान्याच्या मालकाला कायद्यानेच 'फ्यूरर' केलं, कामगार त्याचे अनुयायी. युद्धानंतर १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीत कामगार मंडळं नव्या कायद्याने परत आली. एका माणसाच्या नोकरीच्या काळात तीन वेगवेगळी 'जर्मन कल्चर' होऊन गेली! जपानी कामगार आळशी आहेत असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी पाहुणे लिहून गेलेत, आज वाचलं तर हसू येतं. आणि घरचंच उदाहरण घ्यायचं तर 'मराठी माणसाला धंदा जमत नाही, ते रक्तात लागतं' हे आपण आपल्याबद्दलच किती चवीने बोलतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळरानावर कारखाना आणि गाव उभं केलं तेव्हा रक्त कुठून आणलं होतं? भांडवल, उधारी देणारा मामा, बाजारात ओळख, हे कोणाकडे होतं आणि कोणाकडे नव्हतं हे विचारायला नको, रक्त म्हटलं की विषय मिटतो. असो, त्यावर वेगळं लिहायला लागेल.

मला या सगळ्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट कॅलिफोर्नियातली आहे. फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, बदनाम. रोज पाचातला एक कामगार गैरहजर, युनियन आणि मॅनेजमेंटचं उभं वैर, आणि लाइन कधीही थांबवायची नाही हा एकच धर्म, मग गाडीत चुकीचा पार्ट बसला तरी जाऊ द्या, मागे यार्डात बघू. १९८२ मध्ये जीएमने तो बंद केला. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटाबरोबर भागीदारीत उघडला, नाव नम्मी, आणि माणसं बहुतेक तीच जुनी, युनियनही तीच. सगळे म्हणत होते की अमेरिकन कामगाराला जपानी पद्धत झेपणार नाही, कल्चरच नाही त्यांचं. टोयोटाने काही शे लोकांना जपानला नेऊन काम दाखवलं आणि परत आणून लाइनच्या बाजूने एक दोरी लावली. काही चुकतंय असं वाटलं तर कोणीही ओढायची. ओढली की लीडर धावत येणार आणि विचारणार, काय अडलं, कशी मदत करू. थोड्याच दिवसांत तिथल्या गाड्या जीएमच्या सगळ्या कारखान्यांपेक्षा चांगल्या निघायला लागल्या आणि गैरहजेरी पाचात एकावरून कितीतरी खाली आली.

दोरीची गोष्ट सगळे सांगतात, मॅनेजमेंटच्या प्रत्येक कोर्समध्ये आहे. पण करारातलं एक कलम फार कोणी सांगत नाही. कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कोणाला लेऑफ करायचं नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी वरच्या साहेबांचे पगार कापायचे. आणि १९८८ च्या सुमारास गाड्या खपेनात तेव्हा त्यांनी हे पाळलं, माणसांना घरी न पाठवता ट्रेनिंगला बसवलं. दोरी ओढायची हिंमत त्या कलमातून आली असं माझं मत आहे. जीएमने नंतर आपल्या दुसऱ्या कारखान्यांत ही पद्धत नेली तेव्हा दोऱ्या लागल्या पण ओढली की सुपरवायझर खेकसायचा, मग कोण ओढतंय.

आपल्याकडे मारुतीचं उदाहरण आहे. १९८३ मध्ये गुडगावला पहिली गाडी निघाली तेव्हा साहेब आणि कामगार एकाच युनिफॉर्ममध्ये, एकाच कॅन्टीनमध्ये, एकाच रांगेत, आणि साहेबांना वेगळ्या केबिन नाहीत, हे त्या काळच्या भारतात अघटितच होतं. पहिल्यांदा कुरकुर झाली पण जमलं, म्हणजे ज्या देशाचा आकडा ७७ त्या देशात जमलं. आणि त्याच कंपनीच्या मानेसरच्या कारखान्यात २०११ मध्ये संप झाले आणि २०१२ च्या जुलैमध्ये हिंसा झाली, एका अधिकाऱ्याचा जीव गेला. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण तिथल्या असंतोषात स्वतंत्र युनियनचा आणि कंत्राटी कामगारांचा प्रश्न होता हे तेव्हाच्या बातम्यांत जागोजागी होतं. जपानी युनिफॉर्म तोच, कॅन्टीन तेच, पण निम्मी माणसं आतली आणि निम्मी बाहेरची असतील तर एका टेबलावर जेवून काय होणार.

कोणी कोरियन एअरचं नाव घेईल म्हणून तेही सांगून टाकतो, ते उदाहरण माझ्याविरुद्ध फार वापरलं जातं. १९९७ मध्ये त्यांचं विमान गुआमला डोंगरावर आदळलं, २२८ माणसं गेली, आणि पुढे जगभर थिअरी झाली की कोरियन को-पायलट आदबीच्या भाषेमुळे कॅप्टनला स्पष्ट सांगू शकला नाही. आदब असेल, पण त्या कंपनीत एअरफोर्समधून आलेले पायलट होते आणि कॉकपिटमध्ये त्यांची जुनी रँक चालायची, हेही होतं. २००० मध्ये बाहेरचा अमेरिकन माणूस आणून ट्रेनिंग आणि प्रमोशनच्या पद्धती बदलल्या. कोरियन लोक आजही मोठ्यांना वाकून नमस्कार करतात, भाषा तीच आहे, आणि कंपनीचं नाव आज सुरक्षित विमानसेवांत घेतलं जातं.

तर मला ट्रेनिंगचा राग नाही, राग आहे तो त्याच्या सोयीचा. प्रश्न कल्चरचा ठरला की कोणालाच काही करावं लागत नाही. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा तसाच, रेटिंग देणारा एकटा साहेब तसाच, कॉन्ट्रॅक्टची पोरं तशीच, फक्त आम्ही असर्टिव्ह व्हायचं. दोन दिवसांच्या हॉटेलच्या बिलात हे सगळ्यात स्वस्त पडतं.

आमच्या प्रेस शॉपमध्ये एक पोरगा होता, जालन्याकडचा, कॉन्ट्रॅक्टवर. गेल्या दिवाळीआधी नाइट शिफ्टला त्याला पार्टच्या कोपऱ्यात बारीक क्रॅक दिसला, नखाने लागेल इतकाच, आणि त्याने लाल बटण दाबलं. चाळीस मिनिटं लाइन बंद. सकाळी प्रॉडक्शन मीटिंगमध्ये पहिला प्रश्न 'कोणी थांबवली?' हा होता, 'काय सापडलं?' हा नंतर आला. डाय, म्हणजे पार्टचा साचा, उघडली तर खरंच चीर होती, तशीच चालवली असती तर पूर्ण लॉट गेला असता. तेव्हा नेमका आमचा जर्मन साहेब आलेला, त्याने खाली येऊन त्या पोराशी हात मिळवला, बॅगेतून चॉकलेटचा डबा काढून दिला, फोटो झाला, तो फोटो कंपनीच्या बातमीपत्रात आला, खाली 'स्पीक अप कल्चर' असं लिहून.

जानेवारीत पोराला ब्रेक दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २४० दिवस भरले की कायद्याने वर्षाची सलग नोकरी धरली जाते, ते भरू द्यायचे नाहीत म्हणून सात महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना घरी बसवतात आणि मग परत बोलावतात, त्याला ब्रेक म्हणतात. त्याच्याबरोबर लागलेली बाकीची पोरं महिन्याभराने परत आली. तो नाही आला. त्या चाळीस मिनिटांमुळे की आणखी कशामुळे, मला खरंच माहीत नाही, मी विचारलंही नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जर्मन साहेब परत आला, प्रेस शॉपमधून फिरताना त्या मशीनपाशी थांबला आणि म्हणाला, तो मुलगा कुठंय? एचआरवाला म्हणाला, ही लेफ्ट, बेटर ऑपॉर्च्युनिटी. साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, यस, आय थिंक सो.